चावीवाचून बोलणारी गाडी

जळकोटच्या पुढं, हायवेला लागून असलेल्या माणिकप्पाच्या अंगणात त्या सोमवारी इतकी माणसं जमली होती की चपलांची रांग शेजारच्या सोयाबीनच्या बांधावर चढली होती. लिंबाखाली एक जुनी पांढरी मोटार उभी होती. बॉनेटवर भस्माचे तीन पट्टे, दोन्ही आरशांना झेंडूचे हार, चाकांपुढं नारळांची रास. ट्रकवाले गाड्या कडेला लावून, डोक्यावरचे रुमाल सोडून हात जोडून उभे होते.

अमरनाथ महाराजांनी हात वर केला.

"चावी कुठाय?"

"देव्हाऱ्यात," गर्दी एका सुरात म्हणाली.

"इंजन?"

"बंद."

"आत कुणी हाय?"

"न्हाय."

"मग ऐका."

गाडीत आधी एक बारीकसं टिंग वाजलं. पाठोपाठ घसा बसलेला, खरखरीत पुरुषी आवाज आला, "इरम्मा, मी हितंच हाय. गाडी हलवू नको."

माणिकप्पाची बायको इरम्मा बंपरला कपाळ टेकून रडू लागली. बायकांनी पदर पसरले. महाराजांनी डोळे मिटले आणि ही वाणी सप्तपाताळातून निघून बॉनेटमार्गे कशी येते, ते सांगायला घेतलं.

उमादेवी मागं पायरीवर बसून हे ऐकत होत्या. त्या इरम्माच्या थोरल्या जाऊ. हयातभर झेडपीच्या शाळेत शिकवलं. पण वर्गातसुद्धा कधी आवाज चढवला नाही. पहाटे अंघोळ, भस्म, इष्टलिंगाची पूजा, आणि पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटही नाही. सोमवारचा उपास तर लग्नाच्याही आधीपासूनचा. त्यामुळे त्यांना नास्तिक म्हणायची गावात कुणाची टाप नव्हती. त्या वाणीपेक्षा त्यांना ते टिंग खटकलं. ते आपण आधी कुठंतरी ऐकलंय, एवढंच त्यांच्या मनात राहिलं.

माणिकप्पा पावसाळ्यात वारला, लिंगैक्य झाला. शेवटी शेवटी त्याचा घसा इतका बसला होता की कुठलाही खरखरीत आवाज त्याचाच वाटावा, अशी सोय होऊन गेली होती. इरम्मानं गाडीची चावी देव्हाऱ्यात ठेवली आणि वर्षभर ही गाडी कुणी चालवायची नाही, असा नेम केला. पुढं अमरनाथ महाराज सांत्वनाला आले. सांत्वनाला आलेला माणूस चहा घेऊन जातो. महाराज पत्र्याचं शेड मारून राहिले. बरोबर रणधीर नावाचा शिष्य होता. तो भगवा सदरा घालायचा आणि उजवा हात कायम खिशात ठेवायचा. त्यांच्या येण्यानंतर आठवड्याभरात गाडी बोलू लागली.

मधूनच गाडी गप्प बसायची. महाराज म्हणायचे, आत्म्याचं मौन आहे. मग रणधीर बॅटरीला चार्जर लावायचा, त्याला शक्तिसंचार म्हणत. उमादेवींनी एक गोष्ट टिपली होती. गाव अंधारात असलं की शक्तिसंचार होत नसे, आणि त्यानंतर आत्मा हटकून मौन पाळत असे.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण नंदीशची बायको गायत्री, म्हणजे इरम्माची सून, दिवस भरत आलेली होती. सोनोग्राफीत वार खाली, गर्भपिशवीच्या तोंडाशी असल्याचं दिसलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, कळा सुरू व्हायच्या आत ऑपरेशन करायचं, घरी थांबायचं नाही, रक्त थांबणार नाही. गुरुवारी भरती व्हायचं ठरलं होतं. आणि आदल्याच आठवड्यात गाडी म्हणाली, "मी परत येतोय. ह्याच अंगणात येतोय. दवाखान्यात न्याल तर माझी वाट चुकंल."

सोमवारी दुपारी गायत्री उमादेवींच्या घरी आली आणि उंबऱ्यातच बसली.

"मोठ्या आत्या, मला भ्या वाटायलंय."

"नंदीश काय म्हणतो?"

"ते म्हणतेत, आईचं मन कसं मोडू. ॲम्ब्युलन्सचं नाव काढलं तर आत्या जेवत न्हाईत." तिनं पोटावर हात ठेवला. "आप्पा येत्याल बी. पर म्या ऱ्हाईन का?"

उमादेवी तिला घरी सोडायला गेल्या आणि इरम्माशेजारी बसल्या.

"इरम्मा, माणिकप्पानं तुला कधी नावानं हाक मारली होती का गं?"

"न्हाय आक्का. 'ए' म्हणायचे. न्हायतर नंदीशची आई." इरम्मानं अंगणातल्या गाडीकडं पाहिलं. "म्हणून तर. सगळा जलम गेला, अन् आता नाव घ्यायलेत."

उमादेवी वाद घालायला गेल्या होत्या. त्या उठून बाहेर आल्या. अंगणात नंदीश भेटला, त्याला त्यांनी लिंबामागं नेलं.

"गाडीत टेप कुणी बसवला?"

"आप्पानंच मागवला हुता, मोठी आई. पार्सल आलं ते गेल्यावर. मिस्त्रीला घरी बोलवून बसवून घेतला."

"मग चावीशिवाय तो वाजतो कसा?"

नंदीशनं मान खाली घातली. "टेपला दोन तारा असत्यात. पिवळी थेट बॅटरीला जाती, लाल चावीवर जोडायची. मग चावी फिरवल्याबिगर टेप लागत न्हाय. पर चावी देव्हाऱ्यात. मागितली असती तर आई पुन्ना रडत बसली असती. मिस्त्री म्हणला, दोन्ही तारा बॅटरीवरच घेतो, टेप कायम चालू ऱ्हाईल. म्या म्हणलं, घ्या."

"म्हणजे चावीवाचून वाजायला देव लागत नाही."

"ते न्हाय लागत. पर आवाज? आत पेनड्राइव्ह न्हाय, काय न्हाय. म्या सोता बघितलंय. म्हणून मला बी वाटाय लागलं की आप्पाच असत्याल."

पोराला वडील हवे होते, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. उमादेवी घरी आल्या. संध्याकाळी भजनी मंडळ होतं. मंडळाचा एक छोटा स्पीकर आहे. फोन जोडला की तो टिंग करतो आणि मग भजन वाजतं. श्रावणात एकदा ऐन भजनात शेजारच्या सुनेचा फोन त्याला आपोआप लागला होता आणि साऱ्याजणी डोळे मिटून शेंगदाण्याच्या चटणीची कृती ऐकत बसल्या होत्या. टिंग झाल्याबरोबर उमादेवींच्या हातातले टाळ थांबले.

बुधवारी दुपारी पुन्हा दरबार भरला. गुरुवार उद्यावर आला होता. उमादेवी पुढं गेल्या आणि गाडीला हात जोडले.

"महाराज, मला एक विचारायचंय."

"विचारा, माऊली. वाणी सर्वज्ञ आहे."

उमादेवी खिडकीशी वाकल्या आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, "ऊट आयता, माणिकप्पा?"

गर्दीत हसू फुटलं. जेवण झालं का, हा माणिकप्पाचा रस्त्यात भेटेल त्याला ठरलेला प्रश्न. घरात तर तो निम्मं बोलणं कन्नडमध्येच करी. रणधीरचा खिशातला हात चाळवला. मग गाडी म्हणाली, "कल्याण होईल."

"जेवला का न्हाय, तेवढं सांग की गड्या," मागून म्हातारा धोंडीबा म्हणाला.

महाराज गंभीर झाले. "देह सुटला की भाषा गळून पडते, बाई."

"मराठी बरी राहिली."

"ती संतांची भाषा आहे."

"वचनं लिहिणाऱ्या आपल्या शरणांची कन्नड होती, महाराज," उमादेवी हळूच म्हणाल्या आणि त्यांनी गाडीचं दार उघडलं.

रणधीर आडवा आला. "बाई, पारोशानं गाभाऱ्यात जायचं नसतंय."

"पूजेशिवाय मी पाणी पीत नाही, बाळा. तू आत्ता ढाब्यावर काय खाल्लंस?"

तिथली त्याची अंडाभुर्जी साऱ्यांनी पाहिली होती. रणधीर बाजूला झाला. टेपच्या काचेवर हळदीकुंकवाचा बोटभर थर होता. महाराजांच्या सांगण्यावरून रोज नवा चढवला जाई. उमादेवींनी तो पदरानं पुसला. खालून निळी अक्षरं दिसू लागली.

"नंदीश, काय लिहिलंय वाच."

नंदीश वाकला. वाचून झाल्यावरही वाकलेलाच राहिला. मग म्हणाला, "रणधीर का फोन."

सगळी मंडळी रणधीरच्या खिशाकडं बघू लागली. धोंडीबानं त्याच्यापुढं हात पसरला, जणू तंबाखूच मागतोय. फोन बाहेर आला. त्यात छोट्या छोट्या ध्वनिफिती ओळीनं लावून ठेवल्या होत्या: 'हितंच हाय', 'हलवू नको', 'वाट चुकंल', 'कल्याण'. नंदीशनं फोन बंद केला, तशी काचेवरची अक्षरं गेली. उमादेवींनी आपला फोन काढला, चष्मा सारखा केला आणि मंडळाच्या स्पीकरला लावतात तसा टेपला लावला. टिंग झालं. मग त्यांनी घरी भरून आणलेली फीत लावली. आणि चावी नसलेली, इंजन बंद असलेली, आत कुणी नसलेली गाडी बोलली, "मी उमादेवी. मी अजून जिवंत आहे. गायत्रीला दवाखान्यात न्या."

पहिल्यांदा एक बाई हसली. मग कुणालाच आवरेना.

"माऊलींच्या अंगीसुद्धा सिद्धी आहे," महाराज म्हणाले.

"सिद्धी नाही महाराज, ब्लूटूथ. मिस्त्रीनं चावीची तार चावीवर जोडली नाही, म्हणून टेप रात्रंदिवस जागा असतो. एकदा ओळख झालेला फोन जवळ आला की तो आपोआप लागतो. आवाज कुणाचाही भरता येतो. यात एवढंच आहे."

इरम्मा जमिनीवर बसली होती. "म्हंजे ते बोललेच न्हाईत, आक्का?"

"नाही."

"नाव बी त्यांनी घेतलं न्हाय?"

"नाही गं." उमादेवी तिच्याशेजारी मातीत बसल्या. "माझ्याकडं दुसरं उत्तर असतं तर दिलं असतं. पण त्या नावापायी पोरीचा जीव जाईल."

इरम्मानं डोळे पुसले. तिथूनच गायत्रीकडं पाहिलं. पोर दारात चौकटीला धरून उभी होती. मग इरम्मा उठली, देव्हाऱ्यातली चावी आणली आणि नंदीशच्या हातात दिली. "उद्याची वाट कशाला बघायची. आत्ताच चल."

नंदीशनं चावी फिरवली. गाडी नुसती कट् करून थांबली. आत्म्यानं बॅटरी पिऊन टाकली होती. नारळ बाजूला सारले गेले. मघाशी ज्यांनी बॉनेटला डोकं टेकलं होतं, त्यांनीच डिकीला खांदा लावला. ढाब्यापर्यंत ढकलल्यावर इंजन सुरू झालं. त्या धांदलीत महाराज आणि शिष्य उमरग्याच्या एसटीत बसून गेले. नंदीशनं पुढं जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली, फोन पुरावा म्हणून जमा केला.

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन केलं. रक्ताची बाटली लावावी लागली, पण ती तिथं हाताशी होती. मुलगी झाली. गायत्री शुद्धीवर आली तेव्हा इरम्मा तिच्या पायाशी बसून होती.

पुढच्या सोमवारी चार बायका उमादेवींकडं आल्या. माणिकप्पाच्या रिकाम्या अंगणाकडं बघत एकीनं विचारलं, "मग बाई, देव न्हायच म्हणायचा का?"

उमादेवींची पूजा नुकतीच झाली होती. त्यांनी तांब्यातलं पाणी घेतलं आणि म्हणाल्या, "मी रोज त्याच्यापुढं बसते. त्यानं कधी कुणाला डॉक्टरकडं जाऊ नको म्हटलेलं मी ऐकलं नाही. असं कुणी म्हणालं, तर तो देव नाही, माणूस आहे, आणि त्याचा काहीतरी मतलब आहे. हात जोडा, पण त्याआधी दार उघडून आत बघा. विचारा, हे कशावर चालतं, कोण चालवतं. विचारल्यानं देव रागावत नाही. जो रागावतो, त्याच्या हाती आपली लेकरं देऊ नका."

मग त्यांनी त्या चौघींना चहा टाकला.