साखरबाईची जागा

"साखरबाई कोण आहे?" सुप्रियाने दुसऱ्यांदा विचारले.

"हाय की," ठमाबाई म्हणाली. "येईल. मी बघती तिच्या जागेकडं."

मागे भाजीवाल्या बायका उभ्या होत्या. कांदा-लसूण विकणारा हिंदुराव खाली बघून चप्पल फरशीवर घासू लागला.

बारामतीचा हा बाजार इंग्रजांच्या काळापासून कऱ्हेच्या उतारावर भरत आला होता. पाणी चढले की पाट्या उचलायच्या, ओसरले की गाळ खरवडून पुन्हा बसायचे. आता पुराची सर्वांत वरची रेषा मोजून तिच्याहून कमरभर उंच ओटे बांधले होते. खालच्या उतारावर पायऱ्या आणि झाडे येणार होती. तिथे यापुढे कोणाला बसता येणार नव्हते. आराखडा नगरपालिकेच्या सुप्रियाने केला होता आणि आज तीच एकेकीला तिचा ओटा दाखवत होती. सगळ्यांना मिळाला. ठमाबाईला मिळाला नाही.

चूक कशी झाली ते बाजारात सगळ्यांना ठाऊक होते. उतारावर जागांना नंबर नव्हते. एखादी "जागा बघ गं" म्हणून उठली की ती परत येईपर्यंत जागा शेजारणीच्या जबाबदारीवर. मग ती चहाला गेलेली असो की लेकीच्या बाळंतपणाला. मोकळी जागा दिसली की परगावचा कोणी येऊन बसे. म्हणून शेजारीणच सरकून तिथे बसायची आणि स्वतःच्या जागेवर पाट्या ठेवायची.

चार वर्षांपूर्वी पाणी चढले तेव्हा साखरबाईने एक पाटी पुलावर आणून ठेवली. दुसरी आणायला वळताना म्हणाली, "हिकडं बघ गं ठमे, आलेच." ती आली नाही. सापडलीही नाही. गाळ काढून बाजार पुन्हा भरला, तेव्हा ठमाबाई सरकून साखरबाईच्या जागेवर बसली, आणि बसत राहिली. नव्या ओट्यांची यादी करायला मोजणीवाले आले. त्यांनी विचारले, "ही जागा कोणाची?" तिने सांगितले, "साखरबाईची." शेजारी नुसत्या पाट्या होत्या. पाट्यांना कोणी काही विचारले नाही.

"मावशी, तुमची जागा कुठली होती मग?" सुप्रियाने विचारले.

"ती पाट्यांची."

"तेव्हाच का नाही सांगितलं?"

"माझं त्यांनी इचारलंच न्हाय, म्याडम."

बायकांत हसू फुटले आणि लगेच विरले.

"आगं, साखरबाई म्हणूनच बस की," हिंदुराव म्हणाला. "गिऱ्हाइकाला काय, मेथीशी मतलब."

"तुमी गप ऱ्हावा हिंदुराव. तुमाला मिळालाय न्हवं तुमचा वटा?"

"मिळालाय, पण तुज्याबिगर शिव्या कोण घालणार मला?"

ठमाबाई हसली नाही. सुप्रिया तिच्याजवळ आली. "एकही ओटा मोकळा नाही, मावशी. पण साखरबाई हयात नसतील, त्यांच्या वारसाला नको असेल, तर तिथं रोज बसणाऱ्या बाईला तो देता येतो. तुम्ही तेवढं तोंडानं सांगायचं. इथं, सगळ्यांपुढं."

"काय सांगायचं?"

सुप्रियाने मागे वळून पाहिले. साखरबाईची लेक मोना इंदापूरहून सकाळच्या एसटीने आली होती. वारस म्हणून तिला बोलावले होते. ती पुढे झाली.

"मावशे, मला नको वटा. तसं सांगितलंय मी. आता तू बोल."

"त्यो तुज्या आईचा हाय."

"आई गेली."

"तू घातलंस दहावं. मी आले न्हवते."

"म्हाईत हाय. दर्भाची बाहुली केली न् तिला आई म्हणून जाळलं. मला लई सोपं गेलं व्हय? रोज फोन वाजला की वाटतंय, कुठं तरी घावली. तूच न्हाईस वाट बघणारी."

ठमाबाईने तिचा हात धरला. मोना हळू आवाजात म्हणाली, "तू न्हाय बोललीस तर वटा दुसऱ्याला जाईल. फळांचा टेम्पोवाला दोनदा इचारून गेलाय. आईच्या जागेवर त्यो बसंल. चालंल तुला?"

ठमाबाई ओट्याकडे बघत राहिली. नदी इथून दिसत होती; खाली, आटलेली, कडेला जलपर्णी. इतकी वर्षे जागा राखायची म्हणजे साखरबाई येणार आहे असे म्हणत राहायचे, एवढे तिला कळत होते. आता जागा राखायची तर ती येणार नाही असे म्हणायचे होते. आणि चारचौघांत बोलायची तिला सवय नव्हती. दोघींच्या भाजीचा पुकारा साखरबाईच करायची.

"ती आली न्हाय," ठमाबाई म्हणाली.

सुप्रियाने विचारले, "येणार आहेत का?"

"न्हाय."

ठमाबाईने पदर डोक्यावर ओढला.

"वारली ती. पुरात वारली. साखरबाई वारली."

"तुमचं पूर्ण नाव सांगा," सुप्रिया म्हणाली. ठमाबाईने नाव सांगितले, गाव कन्हेरी सांगितले.

बायका तिच्या पाट्या उचलून ओट्यावर ठेवू लागल्या. ती मात्र भिंतीकडच्या नळाकडे गेली.

"तांब्या हाय का कुणाकडं?"

हिंदुरावने आपला पाण्याचा तांब्या रिकामा करून दिला. तिला तो कशाला हवा, हे त्याने विचारले नाही. आपल्या माणसाच्या मरणाचे कानावर आले की डोक्यावरून पाणी घ्यायचे असते. ते घ्यायचे तिचे राहिले होते. तिने तांब्या भरला आणि लुगड्यासकट डोक्यावर ओतला. पुन्हा भरला. तिसऱ्यांदा मोनाने तांब्या घेतला आणि तिच्या डोक्यावर पाण्याची धार धरली.

मग ठमाबाई ओट्यावर चढून बसली.

पहिले गिऱ्हाईक हेल्मेट काखेत धरून आले. "मावशी, एवढ्या भिजलात कशानं? पाऊस तर नाही कुठं."

"मेथी कवळी हाय," ती म्हणाली. "किती देऊ?"

केसांतून पाणी निथळत होते. तिच्याखालच्या नव्या सिमेंटवर ओल पसरत चालली, तशा तिने जुड्या दोन्ही हातांनी उचलून कोरड्या बाजूला ठेवल्या.