बिशपसाहेबांचा मोडलेला उपास

सत्तावन्न सालच्या त्या शुक्रवारी कमाल खानसाम्याने दोन कामं केली. एक चांगलं, एक वाईट. आणि मेल्याला वाटत होतं, दोन्ही शहाणपणाचीच केली.

सकाळी आखातातल्या दुखान गावी, तेल कंपनीच्या इंजिनियर साहेबांच्या बंगल्यावर मागच्या दाराशी त्याचा मावसभाऊ इलियास येऊन उभा राहिला. रत्नागिरीकडून गलबतात बसून आलेला, ना पासपोर्ट ना परमिट. ओठ फुटलेले, पायात चप्पल नाही.

"कमालभाय, चार दिवस ठेव. काम मिळाला की जातो."

आता सांगा, ह्याच इलियासच्या आईने कमालला आपल्या ताटातलं भरवून मोठं केलेलं. पण तेल कंपनीचा नियम कडक. बिनपरमिटचा माणूस खोलीत सापडला, तर ठेवणाऱ्याचीही घरी रवानगी. कमालने रोट्या बांधून दिल्या, पाणी दिलं आणि म्हणाला, "आज साहेबांकडे मोठा पाहुणा हाय. मागून बघू. आता जा तू."

इलियासने हुज्जत घातली नाही. कमालला सुटल्यासारखं वाटलं.

मोठा पाहुणा म्हणजे इंजिनियर साहेबांचे काका. युरोपातले कॅथलिक बिशप. कुठल्या शहराचे, ते नाव कमालच्या जिभेला कधी वळलं नाही. साहेब मात्र येईल त्याला काकांचं कौतुक सांगत: पाववाल्याचा मुलगा, चाळिशीच्या आत बिशप झाला! लढाईत जर्मन फौज शहरात घुसली, तरी ह्यांच्या चर्चची घंटा एक दिवस चुकली नाही. पुढे सरकारने पदक दिलं. हे पुराण सुरू झालं, की म्हातारे बिशपसाहेब उठून खिडकीशी जात. पदक मिळालं त्याच वर्षी त्यांनी बिशपची गादी सोडली होती. का, ते साहेबांनाही ठाऊक नव्हतं.

तर त्या दिवशी जुम्मा. जुम्म्याला घरात पाहुणा आणि ताटात मटण नाही, म्हणजे कोकणी मुसलमानाचं नाकच कापलं की! नमाजाहून येऊन कमालने झणझणीत सुकं मटण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या आणि हौसेने बिशपसाहेबांपुढे ताट ठेवलं.

साहेब ओरडले, "कमाल! शुक्रवारी आम्हाला मटण वर्ज्य. काकांनी तर जन्मात शिवलेलं नाही!"

कमाल ओशाळला. ताट उचलायला गेला, तर बिशपसाहेबांनी त्याचं मनगट धरलं.

"माझ्यासाठी केलंस ना? राहू दे."

आणि त्यांनी खाल्लं. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, तरी खाल्लं. मग पुतण्याकडे न बघता बोलू लागले. कमालला इंग्रजी बोलता मोडकंतोडकं येई, पण समजे सगळं.

"लढाईतही माझा शुक्रवार मोडला नाही. अशाच एका शुक्रवारी जर्मन अधिकारी माझ्याकडे जेवत होते. नियमाप्रमाणे मासे. शेजारचा ज्यू घड्याळजी बायकोपोरांना घेऊन मागच्या दाराशी आला. मी आतूनच निरोप पाठवला, उद्या ये. त्याच रात्री त्यांना उचलून नेलं. माझा उपास तेवढा शाबूत राहिला."

कमालच्या हातातला पाण्याचा जग टेबलावर आदळला. तो तसाच पळत सुटला, अंगावर पांढरा कोट, डोक्यावर रणरणतं ऊन.

वसाहतीच्या फाटकाशी पोलिसांची गाडी उभी होती. मागे इलियास, हात बांधलेले. पहारेकरी रहमान, आपल्याच राजापूरचा, दुभाष्याचं काम करत होता.

"इथं तुझं कोण हाय, विचारतायत," रहमान म्हणाला.

इलियासने कमालकडे पाहिलं. नीट पाहिलं.

"कोण नाय," तो म्हणाला.

कमालने तोंड उघडलं. अरे, बोल की! तीन शब्द, माझा भाऊ हाय. पण त्याला रत्नागिरीची चूल दिसली, बायको दिसली, दर महिन्याला मनिऑर्डरची वाट बघणारी. गाडी निघाली, वळली, दिसेनाशी झाली.

"माझा भाऊ हाय तो," कमाल म्हणाला.

रहमानने फाटकाला हात घातला.

"मला काय सांगतोस?" तो म्हणाला आणि त्याने फाटक लावून घेतलं.