एदगार्दोची उंची, मोज्यांसकट

माझा मेहुणा एदगार्दो हा पायसांदू शहरातल्या एका फुटबॉल क्लबाचा गोलकीपर. संघाच्या यादीत त्याची उंची एक मीटर अठ्ठ्याहत्तर. ती मोजायला कधी कुणी गेलं नाही. आमच्याकडे माणसाचा शब्द मानतात, निदान क्लबात तरी.

त्याचा मुलगा तादेओ अकरा वर्षांचा आणि वर्गात सगळ्यांत बुटका. कारण कुठल्याच तपासणीत सापडलं नाही. डॉक्टर इर्मा वाढीच्या इंजेक्शनचा डोस ज्याचा त्याला बेतून देत: रक्त, वजन आणि आईबापाची उंची बघून. बापाने अर्जात यादीतलाच आकडा भरला.

त्या आकड्याच्या हिशेबाने पोरगा मोठेपणी जिथे पोचायला हवा, ती रेघ आलेखात फार वर गेली. पोरगा वाढत होता, पण रेघेच्या वाटेला लागेना. म्हणून डोस दोनदा वाढला. तिसऱ्यांदा वाढायचा होता त्या दिवशी मीही दवाखान्यात होतो, कारण गाडी माझी.

"पाय ठणकतात का रे?" डॉक्टरांनी विचारलं.

"ठणकतात. पण वाढवा डोस," तादेओ म्हणाला. "पप्पांएवढं व्हायचंय."

माझ्या बहिणीने, मारिएलाने, नवऱ्याकडे पाहिलं. "अर्जात काय लिहिलंस?"

"यादीत आहे तेच."

"बूट काढ."

"इथे? मोज्याला भोक आहे."

"भोकाने उंची कमी होत नाही."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या पट्टीकडे बोट केलं. एदगार्दो पेनल्टी अडवायला उभा राहावा तसा हनुवटी वर करून उभा राहिला. डॉक्टरांनी ती दोन बोटांनी खाली आणली. एक मीटर चौसष्ट.

"गोलकीपरचे गुडघे झिजतात म्हणे," मी आपलं मदत म्हणून बोललो.

"तू गाडीत जाऊन बस," तो म्हणाला.

रेघ आईबापाच्या सरासरीने ठरते, म्हणून नव्या आकड्याने ती फरकाच्या निम्मी, सात सेंटीमीटर खाली आली. तादेओ बरोबर तिच्या वाटेवर होता, बहुतेक कधीचाच. डॉक्टरांनी वाढीव डोस खोडला आणि पहिला, कमी डोस लिहिला.

"मग मी पप्पांएवढा कधी होणार?" तादेओने विचारलं.

"असंच चाललं तर पंधराव्या वर्षी. पुढे त्यांच्याहून उंच."

एदगार्दो खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. ती बांधायला त्याला बराच वेळ लागला.

"डॉक्टर," तो मान वर न करता म्हणाला, "डोस याहून कमी नाही का करता येत?"