हौद्यातलं मीठ

सगुणानं ट्रंक उचलून पिकअपच्या हौद्यात सरकवली, तर ती मध्येच अडली. फाळक्यावर हात टेकून, टाचा उंचावून तिनं आत पाहिलं. केबिनच्या पाठीला लागून मिठाच्या गोण्या ओळीनं रचल्या होत्या. वर निळी ताडपत्री टाकून ती सुंभानं चारी बाजूंनी आवळलेली.

तिचा हात ट्रंकेवरच राहिला.

म्हणजे आजसुद्धा. बायकोला माहेरी सोडायला निघाला, तरी जाता जाता एक खेप मारून घ्यायचीच. ट्रंक आडवी करून तिनं गोण्या आणि फाळक्याच्या मधल्या जागेत बसवली, फाळका वर घेतला आणि साखळी अडकवली. ती साखळी कडीत बसताना नेहमी एक हिसका मागायची. घरात तो हिसका दोघांनाच जमायचा, तिला आणि दिनानाथला. त्यांची पोरगी किमया लोंबकळून बघायची, पण तिची ताकद पुरायची नाही.

दिनानाथ पुढं बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी ओतत होता. सासू सीताबाई पोह्याच्या पापडांची पुडी घेऊन पडवीतून उतरली.

"किती दिस ऱ्हानार गो?"

"बघते."

"बघते म्हंजी? संक्रांत आली तोंडावर."

"आईचं गुडघं बरं झालं की येते."

"तुजे आईचं गुडघं तुजं लगीन झाल्यापासून दुखतान," सीताबाई म्हणाली. "तवा नाय गेलीस कदी ऱ्हायला."

सगुणानं पुडी घेतली. सीताबाई आवाज खाली आणून म्हणाली, "जा. मी काय आडवत नाय. पन जेवत जा, बाय."

ट्रंकेत काय काय भरलंय हे सीताबाईनं विचारलं नाही, ते बरं झालं. चार दिवसांसाठी कुणी भर थंडीत पावसाळी छत्री घेऊन जात नाही.

आणि आणखी एक गोष्ट सगुणा घेऊन चालली होती, ती या घरात कुणालाच ठाऊक नव्हती. तिला पाचवा महिना लागला होता. किमया गेली तेव्हा तिला स्वतःलाही त्याचा पत्ता नव्हता. नंतर कळलं आणि तिनं ते गिळून टाकलं. सीताबाई चुलीवर सुकट भाजायला लागली की ती काहीतरी निमित्त काढून मागल्या अंगाला जायची. एकदा तिथं ओणवी होऊन ती ओकत असताना दिनानाथ गाडी धूत होता. पण तो पाठमोरा होता, पाण्याची बादली टायरवर ओतत होता, आणि त्यानं मान वळवली नाही. माहेरी अष्टमीला जाऊन आईला सांगायचं, बाळंतपण तिथंच करायचं, आणि मग पुढचं पुढं. एक मात्र तिनं मनाशी पक्कं केलं होतं. हे मूल या गाडीत बसणार नाही.

खरं तर या गाडीशिवाय त्यांच्या संसाराला दुसरी चाकं नव्हतीच. लोकांकडं स्कूटर असते, सायकल असते. दिनानाथकडं ही टाटाची पिकअप होती, दोनशे सात. भादव्याच्या आधी पेणच्या कारखान्यांतले गणपती, एरवी मीठ, तांदूळ, विटा, कधी डोलवीच्या कंपनीत शिफ्टला जाणारी कंत्राटी माणसं. आणि उरलेल्या वेळात संसार. एक कोथिंबिरीची जुडी आणायची तरी ही एवढी थोरली गाडी काढून बाजारात जायचं आणि मंडईच्या तोंडाशी लोकांच्या शिव्या खायच्या. सगुणा लग्न होऊन आली ती हिच्यातूनच, बॉनेटवर झेंडूच्या माळा आणि मागं हौद्यात नाचून दमलेले वऱ्हाडी. बालवाडीच्या दारात पोरं सायकलच्या दांडीवरून उतरायची. किमया उतरायची ती पायरीवर उभी राहून, बापाच्या खांद्यावरून, एखाद्या साहेबासारखी. "माझे पप्पांची गाडी तुमचे शाळेपेक्षा मोठी हाय," असं ती बाईंना सांगून आली होती.

दिनानाथनं बॉनेट आदळलं. "बस," म्हणाला.

ती खिडकीशी बसली. मधली जागा मोकळी राहिली. एकसंध लांब सीट होती ती, आणि मधल्या भागाचं रेक्झिन जरा जास्त घासलेलं होतं. समोर डॅशबोर्डवर टिकल्यांची रांग होती. सगुणा झोपताना कपाळावरची टिकली काढून आरशाला लावायची, ती सकाळी किमया पळवायची आणि इथं आणून चिकटवायची. लाल, मरून, एक हिरवी. चार महिने गाडी रोज धुतली जात होती, पुसली जात होती. टिकल्या होत्या तिथंच होत्या.

गाव सुटलं, खाडीकडचा बांध मागं पडला. वडखळ नाक्याला समोरून एसटी वळली, तसा दिनानाथनं ब्रेक दाबला आणि त्याचा डावा हात आपोआप आडवा झाला. मधल्या जागेसमोर, लहान छातीच्या उंचीवर. क्षणभर तो हात तसाच हवेत राहिला. मग त्यानं तो खाली घेतला आणि उगाच गिअरच्या दांड्यावर ठेवला.

सगुणानं खिडकीबाहेर तोंड केलं.

"थंडी लागते तर काच वर घे," बऱ्याच वेळानं तो म्हणाला.

"नाय लागत."

"चा घेशील नागोठण्याला?"

"नको."

गाडी सावकाश चालली होती. खड्डा आला की तो बैलगाडी असल्यासारखी ती हलकेच उतरवायचा, हलकेच चढवायचा. मागून ट्रक हॉर्न मारत पुढं जात होते. एकानं जाता जाता खिडकीतून ओरडून विचारलंसुद्धा, "काय शेट, अंडी भरलीत का?" दिनानाथनं नुसता हात वर केला.

ते हळू जाणं तिच्या अंगात काट्यासारखं रुतत होतं.

तेव्हाही असाच रस्ता होता. अशीच गाडी. गणपतीला चार दिवस राहिले होते आणि हौदा मूर्तींनी भरलेला. पेंढा खाली, पेंढा मध्ये, वर ताडपत्री. रोह्याची खेप होती म्हणून मायलेकीही निघाल्या होत्या, मामाकडं. किमयाला आदल्या रात्री कणकण होती. सकाळी ताप उतरला, तिनं हट्ट केला, सगुणानं कपाळाला हात लावून पाहिलं आणि घेतली गाडीत. नागोठणं गेलं आणि पोरगी भाजायला लागली. मान मागं टाकली, डोळे उघडता येईनात. सगुणाच्या मांडीवर डोकं, बापाच्या मांडीला पाय. प्रत्येक हादऱ्याला ती कण्हायची. सगुणा ओरडत होती, "पळवा गाडी, पळवा ना!" आणि हा माणूस मोकळा रस्ता आला की पळवायचा, पण खड्डा दिसला की पाय काढून घ्यायचा. वर आरशात बघायचा आणि हळू व्हायचा. पुन्हा आरशात बघायचा. खांब गाव येईपर्यंत सगुणा त्याचा दंड धरून हलवत होती.

रोह्याच्या दवाखान्यात डॉक्टर काय म्हणाले, ते तिला आठवत नव्हतं. ताप डोक्यात गेला असं काहीतरी. व्हरांड्यात बसलेल्या कुणा अनोळखी बाईचं एक वाक्य तेवढं राहिलं, "जरा लवकर आणायची व्हती गो." संध्याकाळी सगळं संपलं. कुणीतरी मूर्ती उतरवून ज्याच्या त्याच्या घरी पोचवल्या. एकाही गणपतीचं बोट मोडलं नव्हतं. हेही कुणीतरीच सांगितलं, त्यातल्या त्यात चांगलं म्हणून.

दहाव्याला घाटावरून परत आल्यावर ती नवऱ्याला एवढंच म्हणाली होती, "एक मूर्ती नाय फुटली तुमची." तो उंबऱ्यात उभा होता. त्याच दिवशी जाऊन तो गाडी धुऊन आला, आणि तेव्हापासून त्यांच्यात मीठ-भाकरीपुरतं बोलणं उरलं.

खांब मागं पडलं. उन्हं समोरून यायला लागली, तशी तिनं डोळ्यांवर पदर घ्यायला मान वर केली आणि तिची नजर आरशावर गेली. हौदा भरला की मागच्या काचेतून काही दिसत नाही, त्यामुळं मधला आरसा त्याच्या कामाचा नसायचा; तो बाहेरच्या आरशावर चालवायचा. पण हा आरसा खाली वाकवलेला होता. त्यात रस्ता नव्हता, ताडपत्री नव्हती. त्यात मधली रिकामी सीट होती, आणि तिच्या स्वतःच्या मांडीवरचा पदर.

ती बघत राहिली. मग तिनं मान खाली घातली. कोलाड येईपर्यंत तिला काही नीट जुळवता येईना.

रोह्याचा बाजार ओलांडून गाडी पुलावर आली. खाली कुंडलिकेचं पाणी ओहोटीला लागलेलं. पूल संपला की डाव्या हाताला अष्टमीची घरं. तिचा भाऊ निलेश दारातच उभा होता; लांबूनच आवाज ओळखला असणार, या गाडीच्या आवाजानं कायम अर्धी आळी बाहेर यायची.

"या भावजी. काय गो ताय, वाळलीस किती!" त्यानं फाळका खाली घेतला, ट्रंक उतरवून पायरीवर ठेवली आणि ताडपत्रीचा कोपरा उचलून पाहिला. "मीठ? हे कुनाकडं द्यायचं? बाजार तर मागंच ऱ्हायला."

"कुनाकडं नाय," दिनानाथ म्हणाला.

"म्हंजी?"

"ऱ्हाऊ दे तसंच. घराकडं परत न्यायचंय."

निलेश हसला. "पेनवरनं मीठ आणायचं, नि परत पेनला न्यायचं? डिझेल काय खाडीत मिळतं, भावजी?"

दिनानाथ खाली बघत पायानं टायर दाबत होता. "रिकामी गाडी उडते," तो पुटपुटला. "मागं वजन नसलं की स्प्रिंगचे पाटे बसत नाय. हादरे लागतात."

निलेशनं खांदे उडवले आणि ट्रंक उचलून आत गेला.

सगुणा पायरीवर उभी होती. पापडांची पुडी तिच्या हातात होती.

बाळंतपणानंतर किमयाला घेऊन ती दवाखान्यातून घरी निघाली होती, तेव्हाही मागं मीठ होतं. दुपट्यात गुंडाळलेला जीव मांडीवर, टाके ओले, आणि ती केवढी भडकली होती, आजच्या दिवशी तरी भाडं नका घेऊ म्हणून. तेव्हा तो हसला होता. भाडं कुठलं, म्हणाला होता. बाबाचे मिठागरावरच्या गोण्या उचलून टाकल्यात. रिकामी उडते गो ही, भरली की पाळण्यासारी चालते. मग महिनाभर, पोर गाडीत असली की मागं मीठ असायचं. पुढं ती मोठी झाली आणि दोघंही ते विसरून गेले. दोघंही, असं सगुणाला वाटलं होतं.

गणपतीच्या मूर्ती पोकळ असतात. पेंढाच जास्त. हौदा शीग लागेपर्यंत भरला तरी गाडीला वजन होत नाही.

त्या दिवशी प्रत्येक हादऱ्याला पोर कण्हत होती. आणि गाडी हळू झाली की कण्हणं थांबायचं.

सगुणानं दिनानाथकडं पाहिलं. तो तिच्याकडं बघत नव्हता. कुणाकडंच बघत नव्हता. ताडपत्रीचा सुंभ सोडून पुन्हा बांधत होता, जो सैल झालाच नव्हता. त्याच्या कानामागचे केस पांढरे झाले होते. कधी झाले, ते तिनं पाहिलं नव्हतं. मागल्या अंगाला त्या दिवशी तो टायरवर पाणी ओतत होता. एकाच टायरवर. बादली संपेपर्यंत. मान न वळवता. ऐकू तर त्याला आलंच असणार.

निलेश आतून बाहेर आला. "आई इचारते, मीठ आणलंयच तर दोन गोण्या उतरवून ठेवू काय? लोणच्याला नि मच्छीला व्हईल वरीसभर." तो हौद्यात चढायला लागला.

"नको," सगुणा म्हणाली.

तिचा आवाज जरा मोठाच आला असावा. निलेश एक पाय फाळक्यावर ठेवून थांबला. दिनानाथचे हात सुंभावर थांबले.

"एक पन नको उतरवू," ती म्हणाली. "गाडीत ऱ्हाऊ दे."

पुलावरून एक एसटी गेली. दिनानाथनं गाठ मारली, फाळका वर घेतला, साखळी कडीत घालून हिसका दिला. एका हिसक्यात बसली नाही; दुसऱ्यांदा बसली. तो केबिनच्या दाराशी गेला आणि दार धरून उभा राहिला.

"आयतवारी येऊ?" त्यानं विचारलं. ते त्यानं दाराला विचारल्यासारखं विचारलं.

सगुणा पायरी उतरून गाडीपर्यंत गेली. उघड्या खिडकीतून आत वाकून तिनं कपाळावरची टिकली काढली आणि डॅशबोर्डवर, रांगेच्या शेवटी, अंगठ्यानं दाबून बसवली. मग हात मागं घेतला आणि पदर पोटावरून नीट केला.

"या," ती म्हणाली. "हळू या."