नहोधाला कोणी सांगितलंच नाही

मांजरासारखा मतलबी प्राणी जगात दुसरा नाही, असं लग्न झाल्यापासून मी लालीला ऐकवत आले. लाली माझा नवरा. आमच्या लामू बेटावर मांजरांना काय तोटा? जिकडे बघावं तिकडे भिंतींवर पसरलेली असतात. तरी यानं एक उचलून घरात आणलंच. नाव ठेवलं नहोधा, म्हणजे नाखवा. "होडी माझी, पण हुकूम याचा," म्हणायचा.

"याच्याकडून जरा शीक," हे त्याचं रोजचं पालुपद. "पोट भरलं की याचं भांडण संपतं. तुझं जेवल्यावर सुरू होतं."

"आणि दार उघडा म्हणून बोंबलतो, उघडलं की उंबऱ्यावरच बसून राहतो, ते पण शिकू का?"

"त्याला बाहेर जायचंच नसतं गं. दार उघडतं की नाही, एवढंच बघायचं असतं."

मी चपात्या लाटायला बसायची आणि तो मासे घेऊन गच्चीवर जायचा. पालथ्या पातेल्यावर सुरीची मूठ वाजवायचा. टक-टक, मग जरा थांबून आणखी एक टक. गावात कुठेही असला तरी नहोधा शेपटी वर करून भिंतींवरून धावत यायचा. गल्लीतल्या बायका हसायच्या, "लालीचा जावई निघाला जेवायला!" मी म्हणायची, मासे बंद करा, मग बघू कोण धावत येतं.

दक्षिणेचा वारा सुरू झाला तेव्हा लाली एका सकाळी होडी घेऊन गेला आणि समुद्रातच त्याच्या छातीत कळ आली. सोबत्यांनी त्याला जवळच्या शेला गावच्या किनाऱ्याला उतरवलं, तोवर सगळं संपलं होतं. संध्याकाळच्या आत दफनही झालं. बायका कब्रस्तानात जात नाहीत. घरी आणला तेव्हा मी त्याचं तोंड पाहिलं तेवढंच.

नहोधा त्या वेळी इकडे धक्क्यावर बसला होता. होडी येईल म्हणून.

मग माझी इद्दत सुरू झाली, नवरा गेल्यावर पाळायचे चार महिने दहा दिवस. पांढरे कपडे, डोळ्यांत काजळ नाही, केसांत मोगरा नाही आणि उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. नियम पाळले जातायत ना हे बघायला म्वातिमे वन्सं होत्याच. लालीची ही थोरली बहीण आमच्या शेजारच्या घरात राहते. भाऊ गेला त्या दिवशी सगळ्या रडत होत्या, आणि ही बाई कोरड्या डोळ्यांनी सांगत होती की आवाज करून रडू नका, गेलेल्याला त्रास होतो.

सुरुवातीला नहोधा झोपायला तरी घरी यायचा. मग तेही थांबलं. बाजारातून येताना वन्सं बातमी आणायच्या. "धक्क्यावरच बसलाय. होडी आली की उठतो, उतरणाऱ्यांची तोंडं बघतो, परत बसतो. लोक मासे टाकतात, हुंगतही नाही. नुसती हाडं राहिलीत."

"वन्सं, तेवढा घेऊन या ना त्याला."

त्यांनी टोपलीत घालून आणला. हातावर चांगले ओरखडे घेऊन आणला. मी दूध पुढे ठेवलं. त्यानं खोल्या पाहिल्या आणि खिडकीतून पसार झाला.

"आता मी काही परत जायची नाही," वन्सं हाताला हळद लावत म्हणाल्या.

"मग मी जाते. दोन गल्ल्या तर आहेत."

"डोकं फिरलं का तुझं? मांजरासाठी इद्दत मोडणार? लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"मरेल तो, वन्सं."

"मरू दे! माझा भाऊ गेला, तिथे मांजराचं काय घेऊन बसलीस?"

त्यांचंही खोटं नव्हतं. पण लालीनं मागे ठेवलेलं, जीव असलेलं असं ते एकच होतं. आम्हाला मूल नव्हतं. ते दोन गल्ल्या पलीकडे सुकत चाललं होतं आणि मी पांढऱ्या कपड्यांत भिंतींकडे बघत बसले होते. इतकं लाचार मला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारची नमाज झाल्यावर मला ते सुचलं. गच्चीवर जायला मनाई नव्हती. मी लालीची सुरी काढली, एक मासा घेतला, पातेलं पालथं घातलं आणि त्याच्या जागी बसून मूठ वाजवली. आधी ठेका चुकला. मग बरोबर जमला. टक-टक, आणि थांबून आणखी एक टक.

थोड्याच वेळात तो दिसला. शेपटी वर. अंगात काही उरलं नव्हतं तरी धावत होता. एका भिंतीवरून उडी चुकली, लोंबकळला, वर चढला, परत धावला. मी हसत होते आणि माझे डोळे वाहत होते.

गच्चीवर उतरला तो थेट माशाजवळून पुढे गेला. माशाकडे पाहिलंही नाही. माझ्याभोवती फिरला. माझ्या हातातली सुरी हुंगली, मग माझं तोंड पाहिलं. तिथून जिन्यावरून खाली. मी मागोमाग. तो पलंगाखाली गेला, खुंटीवरच्या लुंगीखाली थांबला, न्हाणीघरात डोकावला. शेवटी पुढच्या दाराशी बसून ओरडायला लागला.

मासे बंद करा, मग बघू, असं मी म्हणत आले होते. घ्या, बघितलं.

"नाही आला रे तो, नहोधा," मी म्हटलं. नावानं हाक मी त्याला पहिल्यांदाच मारली. "मीच वाजवलं."

मला सांगायला घरभर बायका आल्या होत्या. त्यांनी धरलं होतं, पाणी पाजलं होतं, कुराण वाचलं होतं. याला कोणी काही सांगितलंच नाही. आणि त्याला कळणाऱ्या भाषेत कोणी बोललं, तर ती मी, आणि तेही खोटं.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. म्वातिमे वन्सं. डोक्यावर ओढणी नाही, हात पिठानं भरलेले, एका पायात चप्पल.

"वर... वर कोण वाजवत होतं?"

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या डोक्यावरून जिन्याकडे बघत होत्या. मी सुरी दाखवली. तरी क्षणभर त्यांची नजर जिन्यावरच राहिली. मग त्या दाराबाहेरच्या दगडी ओट्यावर बसल्या आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं रडायला लागल्या.

दार उघडं होतं. नहोधा उंबऱ्यावर जरा थांबला, मग त्यांच्या पायाला घासून बाहेर पडला.

"धरा त्याला, वन्सं!"

तो हाताच्या अंतरावर होता. त्यांनी हात उचलला नाही.

"धरून सांगायचं काय त्याला?" त्या म्हणाल्या.

मी उंबऱ्याच्या आत उभी होते. गल्ली वळणापर्यंत दिसत होती. तो सावकाश चालत वळणाशी पोचला आणि धक्क्याकडे वळला.

दार बराच वेळ उघडंच राहिलं. लावायला आमच्या दोघींपैकी कोणी पुढे झालं नाही.