ठरल्या दिवशीची केळी

विमान सोडायचं की थांबवायचं, हे ठरवणाऱ्या कागदावर अनंतची सही लागे. त्रेपन्न साली विमान कंपन्या एक झाल्या आणि नोकरीत कोण कोणाच्या वर, यावरून रस्सीखेच सुरू झाली. तो बुऱ्हाणपूरला सुट्टीवर आला तो खिशात युनियनचा फॉर्म घेऊनच. आज शेवटची तारीख होती आणि टपाल निघायला अर्धा तास होता.

“काका, युनियनमध्ये गेलो नाही तर साहेब बढती देणारेत! गेलो तर संप म्हणाले की बसा घरी.”

केळीचे घड उतरवणारे कौतिककाका हसले. “आमची केळी न्यायची रेल्वेची वॅगन तशीच, भो. सगळे मिळून मागतो म्हणून मिळते. पण ती येते त्या ठरल्या दिवशी माझी केळी कोवळी असली तरी कापावीच लागतात.”

“म्हणजे नुकसानच!”

“होतंच की. पण वादळात तू विमान अडवलंस, साहेब अंगावर आला, तेव्हा तुझ्या बाजूनं कोण बोललं?”

“कोणी नाही,” म्हणत अनंत फॉर्म घेऊन अनवाणीच टपाल कचेरीकडे धावला.

“अरे, सही केलीस का?”

तो धापा टाकत परतला. एका सहीसाठी तीनदा आभाळ बघणाऱ्या अनंतनं काकांच्या पाठीवर कागद टेकवला आणि एका दमात सही ठोकली.