म्यूरिएलला चावता येत नव्हतं

मी भाजायचा ट्रे बोलतोय. पत्र्याचा, स्वस्तातला, या स्वयंपाकघरातला सगळ्यात धाकटा. जेनिसने बाजारातून उचलला आणि आईबापांच्या ओव्हनमध्ये सरकवला, एवढाच माझा जन्म.

माझ्याआधी इथे बिडाचा ट्रे होता, जेनिसच्या बापाच्या, क्लिफर्ड अ‍ॅक्रॉइडच्या, आईचा. तो हातातून पडून तडकला आणि त्याच्या जागी मी आलो, म्हणजे पहिल्या दिवसापासून टोमणे. ओव्हन तापला की मी वाकायचो आणि धाडकन आवाज व्हायचा. "पोर रडायला लागलं बघ," क्लिफर्ड म्हणायचा. मी रडत नव्हतो. पातळ पत्र्याला जे सोसत नाही ते तो बोलून दाखवतो. या घरात बाकी कुणाला ती सवय नव्हती.

क्लिफर्ड जन्मभर कापड रंगवायच्या गिरणीत राबला आणि उरलेला वेळ त्याने मळ्याच्या तुकड्याला दिला. तिथे पार्सनिप. गाजराचाच फिकट, आडदांड भाऊ. पहिलं दव गोठेपर्यंत ते उपटायचं नाही, गारठ्यानेच ते गोड होतं, हा त्याचा नियम. त्यात त्याचं बरोबर होतं, मान्य. पण एका गोष्टीत बरोबर ठरली की ही माणसं सगळ्याच गोष्टींत स्वतःला बरोबर धरतात.

पार्सनिपचं बी फार टिकत नाही, वर्षभरात मरतं. हा मात्र जुनंच बी तंबाखूच्या डब्यात साठवायचा आणि मुठीने पेरायचा, कारण त्याचा बाप तसं करायचा. मूठभर टाकलं की चिमूटभर उगवायचं. एका वसंतात जेनिसने ताज्या बियांची पाकिटं आणून दिली. याने तीही मुठीनेच पेरली. सगळं उगवलं. शेजारच्या मोकळ्या तुकड्यातही पेर झाली होती, त्यामुळे विरळणी करूनही हिवाळ्यात मागच्या खोलीत टिकावीत म्हणून वाळूत पुरलेल्या पार्सनिपांनी पाय ठेवायला जागा उरली नाही. गल्लीत प्रत्येकाच्या पायरीवर जुड्या ठेवून झाल्या. शेजारची डोरीन सग्डन म्हणाली, "क्लिफर्ड, अजून एक आणलंस तर मी ही पायरीच उखडून टाकीन."

आणि त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी म्यूरिएलला, त्याच्या बायकोला, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, तोंडाची एक बाजू गेली. बोलणं हळू झालं, पण डोकं शाबूत. जन्मभर तीच रांधायची. आता क्लिफर्ड रांधायला लागला, म्हणजे काय, तर भाजायला लागला. रविवारी मटणाचा तुकडा, त्याच्या चरबीत भोवतीने पार्सनिप, आणि सोमवार ते शनिवार नुसतं पार्सनिप. सगळं माझ्यात. कडा करपलेल्या, मधली शीर लाकडासारखी. ती शीर काढायची असते हेही त्याला ठाऊक नव्हतं.

डोरीनने करीची पूड घालून सूप आणून दिलं. त्याने दारातूनच परत पाठवलं. जेनिस केकमध्ये किसून घालते म्हणाली, दुधात शिजवते म्हणाली. म्हातारा एकच सांगायचा, सूप आणि पेज हे आजाऱ्याचं खाणं आहे आणि म्यूरिएल आजारी नाही, थोडी दमली आहे.

म्यूरिएल त्याच्यासमोर घास तोंडात घ्यायची. गालात धरून ठेवायची. त्याची पाठ वळली की डाव्या हाताने रुमालात काढायची. तो रिकामं ताट बघून खूश. "बघ, सगळं संपवलं की नाही?" जेनिस भांडी उचलताना तो रुमाल माझ्यात झटकायची. चघळून पांढरे पडलेले तुकडे. ते मी रोज बघत होतो. लेक बघत होती आणि बोलत नव्हती, तिचाही मला तेवढाच राग येतो.

मग डॉक्टर येऊन गेला. म्यूरिएलच्या अंगावरचे कपडे लोंबायला लागले होते. अशीच उतरत गेली तर तिला म्हाताऱ्यांच्या वॉर्डात हलवावं लागेल, असं तो म्हणाला. त्या वॉर्डातून या गल्लीतलं कुणी परत आलेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी जेनिसने रुमाल माझ्यात झटकला नाही. तो उघडून बापाच्या ताटाशेजारी ठेवला.

क्लिफर्डने त्याकडे पाहिलं. मग उठला, मला उचललं. "कच्चं राहिलं असेल. अजून भाजतो."

मी ओव्हनमध्ये परत अर्धा गेलो होतो, तेव्हा म्यूरिएल बोलली. एकेक शब्द ओढत. "क्लिफ. तुझ्या आईला काय भरवायचास?"

त्याचा हात थांबला.

"तिच्या शेवटच्या दिवसांत. चमच्याने. चेचून. ते दे मला."

"ते नको," तो म्हणाला. "ते केलं आणि पंधरवड्यात ती गेली."

"तिचं वय झालं होतं. मला भूक लागलीय."

एवढ्या वर्षांत बायकोने त्याच्याकडे काही मागितल्याचं मी ऐकलं नव्हतं, आणि मागितलं ते काय, तर चेचलेला कंद. त्याचा हट्ट कशाचा होता तेही तेव्हा कळलं. भाजलेलं ती खाते आहे तोवर ती पूर्वीची म्यूरिएल आहे, असं त्याने धरलं होतं. भीती त्याची, उपास तिचा. म्हातारी माणसं असल्या गोष्टीला प्रेम म्हणतात.

त्याने मला कट्ट्यावर ठेवलं. मागच्या खोलीतून पार्सनिप आणली, सोलली, उभी चिरली. जेनिसने शीर कशी काढायची ते दाखवलं आणि त्याने मुकाट्याने ऐकलं. मऊ शिजवून लोणी, वरचं दाट दूध आणि जायफळ घालून त्याने ती इतकी चेचली की एक गुठळी राहिली नाही. मग चमच्याने तिला भरवलं. निम्मं तिच्या हनुवटीवरून ओघळलं. निम्मं पोटात गेलं.

म्यूरिएल बरी झाली, असं मी सांगणार नाही. पण ती त्या वॉर्डातही गेली नाही. डोरीनकडून म्हाताऱ्याने सूप शिकून घेतलं, माफी न मागता. किसून केक झाला, दुधात खीर झाली, गाजराबरोबर चेचून झालं. वसंत येईतो मागच्या खोलीत नुसती वाळू राहिली.

मी आता सिंकखाली उभा आहे. कोपऱ्यांना गंज धरलाय. मला कुणी बाहेर काढत नाही, आणि माझी तक्रार नाही. तुमच्याकडे भाजत नसतील, तळत असतील, आणखी काही करत असतील. तुमच्या घरातही कुणीतरी समोर बसून निमूटपणे गालात घास धरत असेल. ताट पुढे सरकवून समाधानाने पाठ वळवू नका. समोर बसा, आणि घास खाली उतरेपर्यंत बघा.